स्थानिक संस्थेसाठी मोठ्या देणगीदारांचे मंडळ कसे उभारावे

महाराष्ट्रातील जुन्या वाचनालयांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या जिन्यात संगमरवरी फलक असतात आणि त्यांवर ‘आश्रयदाते’, ‘उपकर्ते’, ‘हितचिंतक’, ‘आजीव सभासद’ अशा उतरत्या क्रमाने नावे कोरलेली असतात. या पद्धतीत देणगी एकदाच दिली जाते, नाव कायमचे लागते आणि बहुतेक वेळा संस्थेचा व त्या घराचा संबंध तिथेच संपतो. अमेरिकेत ‘युनायटेड वे’ या संस्थेच्या स्थानिक शाखा ‘टॉकव्हिल सोसायटी’ नावाचे मोठ्या देणगीदारांचे मंडळ चालवतात. त्यात वर्षाला किमान १०,००० डॉलर देणाऱ्याला प्रवेश मिळतो आणि पुढच्या वर्षी तो नव्याने ठरतो. तिथला डामडौल आपल्या तालुक्याच्या गावात आणण्याचे कारण नाही. मात्र मोठी देणगी दरवर्षी यावी आणि दरवर्षी संस्थेने तिचा जाब द्यावा, ही त्यातली मांडणी आपल्याकडच्या वसतिगृहांना, डायलिसिस केंद्रांना, वृद्धाश्रमांना आणि रुग्णसाहित्य केंद्रांना फार उपयोगी पडेल. असे मंडळ कसे उभारावे आणि कसे चालवावे, याचा विचार पुढे केला आहे. उदाहरणासाठी एका तालुक्याच्या ठिकाणी ६० मुलांचे वसतिगृह चालवणारा सार्वजनिक न्यास डोळ्यांसमोर ठेवला आहे.

मंडळ ही योजना असावी, सभासदत्व नसावे

पहिला निर्णय कायद्याचा आहे आणि बहुतेक संस्था तो न घेताच पुढे जातात. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालीही न्यास म्हणून नोंदलेली असते. तिच्या घटनेत सभासदांचे वर्ग, वर्गणी आणि मताधिकार दिलेले असतात. आपण ‘पन्नास हजार देणाऱ्यास विशेष सभासद करून घेऊ’ असे पत्रकात छापले, तर त्या व्यक्तीला सर्वसाधारण सभेत मत आहे की नाही, हा प्रश्न त्याच दिवशी जन्माला येतो. पुढे कार्यकारिणीची निवडणूक आली की मतदारयादीवर हरकत घेतली जाते, फेरफार अर्जाला (विश्वस्त किंवा मालमत्तेतील बदल धर्मादाय कार्यालयात नोंदवण्याच्या अर्जाला) विरोध होतो आणि प्रकरण धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षे पडून राहते. चांगल्या चाललेल्या संस्था अशा वादात बंद पडल्याची उदाहरणे जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सापडतील.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या सभेत ठराव करून ही एक ‘योजना’ म्हणून सुरू करावी. ठरावात स्पष्ट लिहावे की या योजनेत सहभागी होणाऱ्या देणगीदारास संस्थेचे सभासदत्व, मताधिकार, पद अथवा कारभारात हस्तक्षेपाचा हक्क मिळणार नाही, आणि योजना बंद करण्याचा अधिकार विश्वस्तांकडे राहील. घटनेत दुरुस्ती करण्याची मग गरज पडत नाही. मंडळाला नाव साधे द्यावे; ‘स्नेहांकित’, ‘सहयोग मंडळ’ किंवा संस्थेच्या संस्थापकांच्या नावाचे मंडळ चालेल. ‘आधारस्तंभ’ हे नाव टाळलेले बरे, कारण चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सने ते पार झिजवले आहे.

किती रुपयांपासून ‘मोठी’ म्हणावी

हा आकडा शेजारच्या शहरातील संस्थेकडून उसना घेऊ नये. गेल्या पाच वर्षांची पावती पुस्तके आणि बँकेचे उतारे काढून बसावे, एकेका घराने वर्षात एकूण किती दिले ते मांडावे आणि उतरत्या क्रमाने यादी करावी. यादी पाहिली की एक जागा दिसते, जिथे रकमा एकदम खाली येतात; वरची पंधरा-वीस घरे एकीकडे आणि बाकीचे शेकडो पावतीधारक दुसरीकडे. सहभागाची किमान रक्कम त्या जागेच्या थोडी वर ठेवावी, म्हणजे सध्याच्या निम्म्या मोठ्या देणगीदारांना ती सहज जमेल आणि उरलेल्यांना थोडी वाढ करावी लागेल. तालुक्याच्या गावात ही रक्कम वर्षाला २५,००० असू शकते, पुण्या-नाशिकात १ लाख असू शकते. एकाहून जास्त पायऱ्या करायच्याच असतील, तर दोन पुरेत. सुवर्ण, रौप्य, हिरक अशी उतरंड लावली की लोक संस्थेपेक्षा एकमेकांच्या पायऱ्या मोजू लागतात.

दरवर्षीच्या देणगीचे महत्त्व विश्वस्तांना पटवायचे असेल, तर एक हिशोब सभेत फळ्यावर करून दाखवावा. पंचवीस घरांनी प्रत्येकी ५०,००० दिले तर वर्षाला साडेबारा लाख येतात. तेवढेच पैसे कायम निधीच्या, म्हणजे मुद्दल न मोडता ठेवलेल्या निधीच्या, व्याजातून हवे असतील आणि ठेवीवर ७ टक्के व्याज धरले, तर सुमारे १ कोटी ७८ लाखांचा निधी आधी जमवावा लागेल. एवढा निधी जमेपर्यंत वसतिगृहातली दोन पिढ्या मुले शिकून बाहेर पडलेली असतील. कायम निधी नको असे म्हणणे नाही; मात्र लहान संस्थेने आधी दरवर्षीचा ओघ पक्का करावा आणि मग निधीकडे वळावे, असे माझे मत आहे.

लहान देणगीदारांची पत या मंडळामुळे कमी होता कामा नये. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना निघाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. शंभर रुपये देणाऱ्याची पावतीही त्याच दिवशी आणि त्याच नमुन्यात निघाली पाहिजे. एकाच घराची देणगी एकूण देणग्यांच्या चौथ्या हिश्श्यापुढे जाऊ लागली, तर आनंदाबरोबर थोडी काळजीही करावी, कारण त्या घराची नाराजी मग संस्थेला परवडत नाही.

कशासाठी मागायचे

‘संस्थेच्या कार्यास हातभार लावावा’ या वाक्यावर पाचशे रुपये मिळतात, पन्नास हजार मिळत नाहीत. मोठी रक्कम देणारा माणूस बहुधा स्वतः धंदा, दवाखाना किंवा शेती चालवणारा असतो आणि त्याला खर्चाचा पाढा कळतो. वसतिगृहात एका मुलाचे वर्षाचे जेवण, दूध, वीज, पाणी, औषधे आणि अधीक्षकाच्या पगाराचा हिस्सा धरून किती पडतात, हे संस्थेने आधी काढून ठेवावे. समजा तो आकडा ४८,००० आला, तर मंडळातील सहभागाची रक्कम त्याला जोडून ५०,००० ठेवता येते. मात्र ‘आपल्या देणगीतून अमुक मुलगा शिकतो आहे’ असे कधीही सांगू नये. देणगी साठही मुलांच्या खर्चात जाते. एका मुलाला एका घराशी बांधले, की त्या मुलाला आयुष्यभराचे ओझे होते आणि देणगीदाराला त्याच्या गुणपत्रिकेवर हक्क वाटू लागतो.

पगार, वीजबिल आणि लेखापरीक्षण या खर्चांसाठीही उघडपणे मागावे. इमारतीसाठी पैसे मिळतात आणि स्वयंपाकिणीच्या पगारासाठी मिळत नाहीत, ही तक्रार प्रत्येक संस्था करते. पण त्यांतल्या किती संस्थांनी स्वयंपाकिणीच्या पगारासाठी कोणाकडे शब्द टाकला, हेही विचारले पाहिजे. सभागृह बांधून कुलूप लावलेली वास्तू गावोगावी दिसते.

कोणाकडे जावे आणि कसे

सर्वांत आधी विश्वस्तांनी स्वतः द्यावे. प्रत्येकाला किमान रक्कम जमेलच असे नाही, परंतु प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे संकल्प केला आहे आणि त्यांतील तिघे-चौघे मंडळात आहेत, एवढे झाल्याशिवाय बाहेर पडू नये. समोरचा माणूस तोंडाने विचारत नसला तरी ‘तुम्ही किती दिले?’ हा प्रश्न त्याच्या मनात असतोच.

त्यानंतरची यादी घरबसल्या होत नाही. सराफ, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक, द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार आणि अडते ही नावे कोणालाही सुचतात आणि म्हणूनच त्यांच्याकडे गणेशोत्सवापासून कुस्तीच्या फडापर्यंत सगळ्यांची रांग असते. ज्यांच्याकडे कोणी जात नाही, त्यांची नावे शोधावीत: निवृत्तिवेतन घेणारे आणि मुले स्थिरावलेली शिक्षक दांपत्ये, वसतिगृहात राहून गेलेले व आता पुण्या-मुंबईत चांगल्या नोकरीत असलेले माजी विद्यार्थी, मूलबाळ नसलेल्या निवृत्त परिचारिका, गावी जमीन विकून शहरात गेलेली पण गावाशी मनाने जोडलेली कुटुंबे. अनेक घरांत देणगीचा निर्णय प्रत्यक्षात बाई घेतात, तरी पत्र मात्र यजमानांच्या नावाने जाते. ते दोघांच्या नावाने पाठवावे आणि भेटीला दोघांची वेळ मागावी.

भेटीला दोघांनी जावे. त्यांतील एक जण स्वतः मंडळात सहभागी झालेला असावा आणि दुसरा रोजचे काम पाहणारा असावा. हिशोबाचा प्रश्न आला तर ‘विचारून सांगतो’ असे म्हणण्याची वेळ येऊ नये. पाच-सहा जणांचे शिष्टमंडळ नेले, की घरच्यांचा वेळ चहा करण्यातच जातो. आधी फोन करून येण्याचे कारण सांगावे; ‘सहज आलो होतो’ म्हणून देणगीचा विषय काढणे हा फसवणुकीचाच एक सौम्य प्रकार आहे. बोलणे थोडक्यात, साधारण असे व्हावे:

‘काका, काकू, आपण गेली सहा वर्षे वसतिगृहाला देता आहात, म्हणून आधी आपल्याकडे आलो. या वर्षी आम्ही पंचवीस घरांचे एक मंडळ करतो आहोत. प्रत्येक घराने तीन वर्षे, दरवर्षी पन्नास हजार द्यावेत अशी विनंती आहे. मी स्वतः त्यात आहे. मिळालेल्या पैशांचा हिशोब वर्षातून दोनदा आपल्या हाती येईल. आपण दोघांनी विचार करून सांगावे.’

रक्कम सांगून झाली की गप्प बसावे. आपल्याकडे पैशाचा आकडा उच्चारल्यावर लगेच ‘नाही, म्हणजे जमेल तसे द्या’ अशी पुस्ती जोडण्याची सवय आहे आणि त्या पुस्तीने पन्नासाचे पाच होतात. नकार आला तर तो मनाला लावून घेऊ नये, दुसऱ्या घरी जाऊन त्याची चर्चा तर मुळीच करू नये.

वेळ पाहावी. मार्चअखेरीस करासाठी धावपळ करणारे देणगीदार भेटतात, पण त्यांना नाते नको असते, पावती हवी असते. अक्षय्य तृतीया, दिवाळीनंतरचे दिवस, आई-वडिलांच्या स्मृतिदिनाच्या आधीचा महिना या वेळा बऱ्या. घरात दुःखद घटना घडली असेल, तर भेटायला अवश्य जावे. देणगीचा विषय मात्र काही महिने काढू नये, कुटुंबाने स्वतः काढला तर गोष्ट वेगळी.

होकार मिळाल्यावर एक छोटे संकल्पपत्र भरून घ्यावे. त्याचा मजकूर असा ठेवता येईल:

‘आम्ही सन २०__-__ पासून तीन आर्थिक वर्षे, प्रतिवर्षी रुपये ______ संस्थेच्या वसतिगृहाच्या चालू खर्चासाठी देण्याचा संकल्प करीत आहोत. ही रक्कम आम्ही दरवर्षी ______ महिन्यात बँकेमार्फत देऊ. हा संकल्प स्वेच्छेचा असून अडचण आल्यास आम्ही संस्थेस कळवू. या देणगीमुळे संस्थेच्या कारभारात किंवा प्रवेशात कोणताही हक्क मिळत नाही, याची आम्हांस कल्पना आहे. संस्थेच्या अहवालात आमचे नाव छापावे / छापू नये.’

संकल्पाची रक्कम हाती येईपर्यंत ती जमेत धरून खर्च ठरवू नये. पहिल्या वर्षी संकल्पाच्या तीन-चतुर्थांश रकमेवरच अंदाजपत्रक बांधावे.

पैसे घेतानाचे नियम

येथे थोडे थांबावे लागेल, कारण मोठ्या रकमेबरोबर मोठी जबाबदारी येते. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वाचकांच्या सवयीसाठी पुढे १९६१ च्या कायद्यातील क्रमांक दिले आहेत. आपल्या सनदी लेखापालांकडून नवे क्रमांक आणि नमुने समजून घ्यावेत.

देणगीदाराला करसवलतीबद्दल खरे तेवढेच सांगावे. कलम ८०जी खाली आपल्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि तीही देणगीदाराच्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. समजा वीस लाख उत्पन्न असलेल्या आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्या व्यक्तीने १ लाख दिले, तर वजावट ५०,००० ची आणि उपकरासह प्रत्यक्ष बचत १५,६०० रुपयांची. ज्याने नवी करप्रणाली स्वीकारली आहे, त्याला ही वजावट नाहीच, आणि २०२३-२४ पासून वेगळी निवड न केल्यास तीच प्रणाली लागू होते. म्हणून ‘कर वाचतो’ हा मुद्दा भेटीत पुढे करू नये. तो आता फारसा खराही राहिलेला नाही.

दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास कलम २६९एसटी चा भंग होतो आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्या संस्थेला होऊ शकतो. मंडळाच्या सगळ्या देणग्या धनादेश, एनईएफटी किंवा यूपीआयनेच घ्याव्यात. वस्तुरूप देणगीला, म्हणजे धान्य, पलंग किंवा संगणक यांना, ८०जी लागू होत नाही. तिचे आभारपत्र द्यावे, रकमेची पावती देऊ नये. वर्षभराच्या देणगीदारांचे विवरण १०बीडी या नमुन्यात पुढील ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि त्यातूनच देणगीदाराचे १०बीई प्रमाणपत्र निघते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. त्यासाठी संकल्पपत्राबरोबरच नाव, पत्ता आणि पॅन अचूक लिहून घ्यावे. मे महिन्यात शंभर फोन करत बसू नये.

गुप्तदानाबद्दल आपल्या मनात आदर असतो आणि तो योग्यच आहे, पण त्याचे दोन अर्थ नीट वेगळे ठेवावेत. ‘माझे नाव फलकावर नको’ असे म्हणणाऱ्याचे नाव आणि पॅन संस्थेच्या नोंदवहीत असते; ती देणगी कायद्याच्या दृष्टीने निनावी नसते. ज्याची ओळखच नोंदलेली नाही, ती मात्र निनावी देणगी ठरते. केवळ धर्मादाय स्वरूपाच्या न्यासाला अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यापलीकडे गेल्यास त्या वाढीव रकमेवर ३० टक्के कर भरावा लागतो.

कायम निधीसाठी देणगी आली, तर देणगीदाराचे तसे लेखी पत्र असलेच पाहिजे. पावतीवर संस्थेने स्वतःहून ‘कायम निधी’ असा शिक्का मारून भागत नाही. हे पत्र महत्त्वाचे आहे, कारण न्यासाने वर्षाचे ८५ टक्के उत्पन्न धर्मादाय कामावर खर्च करायचे असते आणि कायम निधीच्या देणग्या त्या हिशोबातून बाहेर राहतात. हा निधी कायद्याने ठरवून दिलेल्या प्रकारांतच गुंतवावा लागतो. जास्त व्याजाच्या आशेने तो ओळखीच्या पतसंस्थेत ठेवू नये. पतसंस्था बँक नसते आणि तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. बँकांतील ठेवींनाही ते प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंतच आहे, हे सहकारी बँकेत मोठी ठेव ठेवताना लक्षात असावे.

कोणी जमीन किंवा घर देऊ केले, तर हुरळून जाऊ नये. सातबारा, वारसांची संमती, बोजा, रस्ता आणि आरक्षण पाहिल्याशिवाय बक्षीसपत्र करू नये, आणि केल्यावर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यावा. एकदा न्यासाची झालेली स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

परदेशातून येणाऱ्या देणगीत नागरिकत्व पाहावे लागते. भारतीय पारपत्र असलेल्या, न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम ‘विदेशी अभिदाय’, म्हणजे कायद्याच्या अर्थाने परदेशी देणगी, ठरत नाही. त्याच्याच वर्गमित्राने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर त्याची देणगी मात्र ठरते, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही. अशी देणगी घेण्यासाठी एफसीआरए (विदेशी अभिदाय विनियमन कायदा) खालची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे. ‘वडिलांच्या खात्यातून पाठव’ असा सल्ला तर देऊच नये.

कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून त्यांनी खर्चायचा पैसा, या मंडळात मिसळू नये. त्यासाठी संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ या नमुन्यात नोंदणी लागते, तो ठरलेल्या प्रकल्पावर खर्च करावा लागतो आणि तो कायम निधीत घेता येत नाही. कारखान्याच्या मालकांनी कंपनीचे पैसे दिले म्हणून त्यांचे घर मंडळात धरले, तर स्वतःच्या खिशातून देणाऱ्या निवृत्त शिक्षकांवर तो अन्याय होतो.

मान, नाव आणि सवलत

देणगीदाराला काय द्यायचे, यात सर्वांत जास्त चुका होतात. आयकर कायद्याच्या कलम १३ नुसार न्यासाचे उत्पन्न किंवा मालमत्ता मोठ्या देणगीदाराच्या फायद्यासाठी वापरता येत नाही. २०२५ च्या दुरुस्तीनंतर वर्षात १ लाखांपेक्षा जास्त किंवा आजवर एकूण १० लाखांपेक्षा जास्त देणारा या व्याख्येत येतो. म्हणजे मंडळातील एखाद्या गृहस्थांना मुलाच्या साखरपुड्यासाठी संस्थेचे सभागृह फुकट दिले, तर तो केवळ सौजन्याचा प्रश्न राहत नाही, संस्थेची करमुक्ती धोक्यात येते. सर्वांना लागू असलेले भाडे त्यांनाही लावावे.

नावाचे तसे नाही. नावाच्या पाटीवर जीएसटी लागतो का, ही शंका वारंवार येते. ऑक्टोबर २०१९ च्या जीएसटी परिपत्रकाने ती मिटवली आहे: ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी पंख्यावर किंवा खोलीवर लावली आणि तिच्यात धंद्याची जाहिरात नसेल, तर कर नाही. दुकानाचे नाव, बोधचिन्ह आणि फोन क्रमांक आला की ती जाहिरात होते आणि हिशोब बदलतो.

वास्तूला नाव देण्याचे धोरण आधी लिहून ठरवावे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. त्या देणगीने विद्यापीठ उभे राहिले, म्हणून ते नाव शोभले. खोलीच्या खर्चाचा दहावा हिस्सा घेऊन खोलीला कायमचे नाव दिले, तर पुढच्या दुरुस्तीच्या वेळी मागायला काहीच उरत नाही. निम्म्याहून अधिक खर्च देणाऱ्याचेच नाव आणि तेही २० वर्षांसाठी, असा नियम मला रास्त वाटतो. वार्षिक मंडळातील घरांची नावे मात्र भिंतीवर लावू नयेत, वार्षिक अहवालात छापावीत. आणि ती वर्णानुक्रमे छापावीत, रकमेच्या क्रमाने नव्हे.

शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांचा खर्च देणगीतूनच होतो, हे देणगीदाराला कळत नाही असे समजू नये. त्याऐवजी पावती एका आठवड्याच्या आत पोचवावी, एका विश्वस्ताने स्वतः फोन करावा आणि वर्षातून दोनदा दोन पानांचे पत्र जावे. पत्रात किती आले, कशावर गेले, काय ठरल्याप्रमाणे झाले नाही आणि का, हे आकड्यांसह लिहावे. दहावीचा निकाल घसरला असेल तर तेही लिहावे. चांगलेच चांगले सांगणाऱ्या पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही. वर्षातून एकदा वसतिगृहात, नेहमीच्या दिवशी, मुलांच्याच पंगतीत मंडळाला जेवायला बोलवावे. लेखापरीक्षित ताळेबंद टेबलावर ठेवावा आणि कोषाध्यक्षांनी प्रश्नांना उत्तरे द्यावीत. मुलांकडून स्वागतगीत, आभाराची भाषणे आणि गरिबीच्या कहाण्या वदवून घेण्याचा प्रकार पूर्ण बंद ठेवावा, कारण तिथे राहणे हा त्या मुलांचा हक्क आहे आणि आपल्या गरिबीचे प्रदर्शन ही त्याची किंमत असू शकत नाही.

नाही म्हणण्याची तयारी

मंडळ सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांत काही विनंत्या येतातच. भाच्याला अधीक्षकाच्या जागी घ्या, आमच्या वाडीतल्या मुलाला यादी डावलून प्रवेश द्या, किराणा आमच्याच दुकानातून घ्या, निवडणुकीच्या आधी आमचे छायाचित्र दारावर लावा. कधी कोणी पाच लाखांची पावती मागून चार लाख रोख परत मागतो; हा गुन्हा आहे आणि असा माणूस कितीही वजनदार असला तरी त्याची पूर्ण देणगी नाकारावी. या सगळ्यांसाठी एक पानाचे धोरण ठरावाने मंजूर करून ठेवावे, म्हणजे कार्यवाहांना ‘माझी इच्छा होती, पण नियम आहे’ असे म्हणता येते. देणगीदाराच्या दुकानातून खरेदी करायचीच असेल, तर तीन दरपत्रके मागवून, सर्वांत योग्य दरानेच करावी आणि सभेच्या इतिवृत्तात नोंदवावी.

तीन वर्षे संपत आली की, मुदतीच्या चार महिने आधी, प्रत्येक घरी पुन्हा जावे आणि नव्याने विचारावे; आपोआप पुढे चालू आहे असे गृहीत धरू नये. जे थांबतील त्यांना कारण विचारावे, पण आग्रह करू नये, आणि अर्धवार्षिक पत्र त्यांना पुढचे वर्षभर तरी पाठवत राहावे. देणगीदार निवर्तल्यास उरलेल्या संकल्पाची रक्कम वारसांकडे मागू नये. सलग दोन वर्षे मंडळात दहापेक्षा कमी घरे उरली, तर विश्वस्तांनी ठरावाने योजना थांबवावी, शिल्लक रकमेचा विनियोग संकल्पपत्रात लिहिलेल्या कारणासाठीच करावा आणि त्याचा शेवटचा हिशोब प्रत्येक देणगीदाराच्या घरी नेऊन द्यावा.